उरलेल्या रंगाचे सहा पट्टे

"नाव तर लिवतो, पर निशाणी काय टाकू?"

असं विचारून तो ब्रश कानावर खोचायचा आणि मान तिरपी करून समोरच्याकडे बघत राहायचा. उत्तर मिळेपर्यंत हलायचा नाही. गाव त्याला पेंटर म्हणायचं. त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्याचा अधिकार मी गमावला आहे. का, ते पुढे येईलच.

मी गावच्या सोसायटीचा सचिव होतो. त्या दुष्काळात माजलगावच्या धरणाने तळ दाखवला आणि आमच्या गोदामासमोर टँकर उभा राहू लागला. प्रत्येक घराचा एक ड्रम रांगेत. टँकरवाला पाइप सोडून मोकळा, मग कोणता ड्रम कुणाचा यावरून बाया झिंज्या धरायच्या. शेवटी चेअरमननी फर्मान काढलं. ड्रमवर नाव हवं, आणि वाचता येत नाही त्यांच्यासाठी निशाणी. निशाणी नसेल तो ड्रम भरायचा नाही.

दुष्काळाने कधी कुणाचं भलं केलेलं तुम्ही पाहिलं आहे का? पेंटरचं केलं. एकेकाळी कारखान्याच्या निवडणुकीत दोन्ही पॅनलच्या निशाण्या हाच रंगवायचा. सकाळी छत्री, दुपारी कपबशी. "दोघायलाबी म्याच निवडून आणतो बघा," म्हणायचा. मग माजलगावात फ्लेक्सची मशीन आली आणि त्याचे ब्रश वाळले. आता गावभरच्या ड्रमांनी त्याला पुन्हा उभं केलं.

पोरं, म्हाताऱ्या त्याच्याभोवती कोंडाळं करायच्या. एका म्हातारीने चिमणी मागितली. काढून झाल्यावर म्हणाली, "लई वाळलीय रं ही." त्याने लगेच चिमणीचं पोट मोठं केलं. "घे आजी, पाणी पिऊन आली."

मला विचारलं तेव्हा मी घाईत होतो. "काय पण टाक," म्हणालो. त्याने माझ्या नावाखाली पेन काढला, टोपणासकट. "तुमी लिवणारी माणसं," म्हणाला. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

त्याच्या स्वतःच्या ड्रमवर नाव नव्हतं. आडवे सहा पट्टे होते: लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा.

"ही कसली निशाणी बे?" लोक विचारायचे.

"उरलेला रंग हाय. वाया कावून घालवायचा?"

लोकांना पटायचं. सहाही रंग असे मोजूनमापून सारखे कसे उरतात, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मधेच तो चार दिवस पुण्याला जाऊन आला. काम होतं म्हणाला. त्यानंतर एका सकाळी मी आणि चेअरमन सोसायटीच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. आतल्या पानावर रंगीत फोटो होता, पुण्यातल्या कसल्याशा मोर्चाचा. पुढे एका माणसाने तोंडापुढे फलक धरला होता. फलकावर हाताने लिहिलं होतं, 'आम्हीही इथलेच'.

त्या 'म'ची गाठ बघताच मला राहवलं नाही. माझ्या ड्रमवर तीच गाठ रोज बघत होतो मी. "अहो चेअरमन, हे तर आपल्या पेंटरचं अक्षर!" मी ओरडलोच. मला अभिमान वाटला होता. गावचं अक्षर पुण्याच्या पेपरात! अक्षर ओळखलं आणि मजकूर वाचलाच नाही, असला सचिव मी.

चेअरमननी मात्र वाचला. पुरुषाने पुरुषावर प्रेम केलं तर तो गुन्हा नाही, असा निकाल नुकताच लागला होता, त्या लोकांचा तो मोर्चा होता. चेअरमननी फोटोतल्या झेंड्यावर बोट ठेवलं आणि मान वर करून रांगेतल्या ड्रमकडे पाहिलं. सहा पट्टे इथे, सहा पट्टे तिथे.

"सेक्रेटरी, त्येचा ड्रम भायेर काढा."

"पण पाणी..."

"पट्टे पुस म्हणावं, नाव लिव, मग ठिव रांगेत. गावात बाया-माणसं हायेत."

आणि तुम्हाला सांगतो, रांगेतल्या कुणीही ब्र काढला नाही. चिमणीवाली म्हातारीसुद्धा आपल्या ड्रमवर हात ठेवून दुसरीकडे बघत राहिली.

निरोप द्यायला मीच गेलो. तो पायरीवर ब्रश धूत बसला होता.

"तोंड झाकलं होतं सायेब," तो हसून म्हणाला, "अक्षर कसं झाकावं?"

मी म्हणालो, "पुसून टाक रे. चार पट्ट्यांपायी तहानेने मरतोस का?"

"सहा हायेत," तो म्हणाला. "ज्येला जी पायजे ती निशाणी दिली म्या. कुणाला कावून म्हणून इचारलं न्हाई. माझीच कावून पुसायची? आता तर कायदाबी आमच्या बाजूनं हाय."

यावर मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते. म्हणालो, "कायदा दिल्लीत. टँकर चेअरमनच्या हातात."

तो पाच दिवस सायकलला दोन कॅन बांधून तेलगावला जात राहिला. त्या उन्हात जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडायचा. सहाव्या दिवशी टँकर यायच्या आधी मी गोदामातला पांढऱ्या रंगाचा डबा घेतला. त्याचा ड्रम रांगेबाहेर बाभळीखाली उभा होता. मीच पट्टे रंगवून टाकले आणि वर त्याचं नाव लिहिलं. मला वाटत होतं, मी त्याचं भलं करतोय. ड्रम रांगेत लावला, टँकर आला, ड्रम काठोकाठ भरला. चेअरमन माझ्याकडे बघून हसले आणि मीही हसलो.

दुपारी तो आला. सायकल उभी केली. ओल्या रंगावरून त्याने एक बोट फिरवलं.

"हात बरा न्हाई सायेब तुमचा," तो म्हणाला. "अस्तर मारल्याबिगर पांढरा धरत न्हाई. खालचं दिसणारच."

मी म्हणालो, "पाणी तरी घे."

"कुणाचं हाय त्यालाच द्या. ह्यो माझा ड्रम न्हाई."

एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीला कुलूप होतं. कुणी म्हणतं पुण्याला गेला, कुणी म्हणतं पार मुंबईला. ब्रश घेऊन गेला, दोन्ही कॅन पायरीवर तशाच ठेवून गेला.

भरलेला ड्रम तीन दिवस रांगेत उभा राहिला. ज्याच्यासोबत उभं राहायची गावाला किळस होती, त्याचा ड्रम मात्र चांगला दणकट होता. चौथ्या दिवशी चेअरमननी तो गोठ्यात नेला. आजही म्हशी त्यातच पाणी पितात. त्या अंग घासून घासून माझा पांढरा रंग खरवडतात आणि खालून लाल, केशरी दिसू लागलं आहे. चेअरमन मला दोनदा म्हणाले, "सेक्रेटरी, एक हात मारून टाका." मी ऐकलं नाही असं करतो. माझी सगळी मर्दुमकी एवढीच.

माझा ड्रम अजून न्हाणीत आहे. त्याचं अक्षर जराही उडालेलं नाही. खाली पेन आहे, टोपणासकट. ती बाजू मी भिंतीकडे करून ठेवली आहे.