इसाकभाईंचा अर्धा तुकडा

इसाकभाईंचं डोकं कायम तापलेलं. गंगापूर रोडच्या एका गल्लीत त्यांचं वायरलेस दुरुस्तीचं दुकान. वॉकीटॉकी म्हणा, ॲम्ब्युलन्सचे सेट म्हणा, त्यांचे अँटेना म्हणा, सगळं त्यांच्याकडे. हाताला यश होतं, पण तोंड? तोबा तोबा! एखाद्यानं चुकून विचारावं, "अँटेनाला टीव्हीची केबल चालेल ना हो?" की झालंच. "चालेल की! सुतळीपण लावा! वर कपडे वाळत घाला!" गिऱ्हाईक पायरी उतरेस्तोवर बडबड चालू.

केबलवर छापलेल्या नावावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. टोक सोलायचं आणि आत बघायचं. तांब्याच्या बारीक तारांचा पीळ, भोवती घट्ट प्लास्टिक आणि त्यावर तांब्याची दाट जाळी असली, तर ती वायरलेसची जाड केबल. लोहचुंबकाला चिकटणारी एकच तार, भोवती फेसासारखं मऊ प्लास्टिक आणि वर ॲल्युमिनियमची चकचकीत पन्नी असली, तर ती टीव्हीची. काम झालं की ते जोडलेल्या केबलचा बोटभर तुकडा कापायचे. अर्धा स्वतःजवळच्या तारेच्या कडीत ओवायचे, अर्धा गिऱ्हाईकाच्या हातावर ठेवायचे. "जपून ठेवा. उद्या कोणी केबल बदलली तर जुळवून बघा. इसाकचं नाव खराब व्हायला नको."

आणि नेमकं नावच खराब झालं. हरसूलच्या वर डोंगरातल्या एका पाड्यावर मोबाईलला रेंज नाही, म्हणून एका संस्थेनं तिथल्या दवाखान्याच्या खोलीत वायरलेस सेट बसवला होता. काम इसाकभाईंचं. ऐन पावसात सहादू नावाच्या माणसाला घोणस चावली. खोली सांभाळणाऱ्या गोजराबाईनं सेटवर हाका मारमारून घसा फोडला, पण खाली हरसूलच्या ॲम्ब्युलन्सला एक शब्द पोचला नाही. शेवटी सहादूला झोळीत घालून खाली नेलं. जीव वाचला, पाय गेला. आता संस्थेच्या स्नेहल मॅडमचा फोन आला, "तुम्ही हलकी केबल लावलीत, इसाकभाई. त्या माणसाचा पाय तुमच्यामुळे गेला."

तळपायाची आग मस्तकात गेली. जाड केबलचं एक वेटोळं खांद्यावर टाकून इसाकभाईंनी मोटरसायकल काढली आणि मागे मुलाला, अरसलानला, बसवलं. लग्न झालेला, बापाच्याच दुकानात काम करणारा, बोलायला कमी. हरसूलपर्यंत इसाकभाईंचं तोंड थांबलं नाही. "माझ्या केबलला हात लावणारा हरामखोर सापडू दे, त्याचे हातच तोडतो! एका माणसाचा पाय गेला, पाय! कळतं का काही?" मागून अरसलान फक्त "हां अब्बा" म्हणत होता. हरसूलला त्याला ॲम्ब्युलन्सच्या सेटजवळ सोडलं. वरून बोललं की त्यानं खालून उत्तर द्यायचं, असं ठरलं. इसाकभाई एकटेच वर गेले.

पाड्यावर गोजराबाई कमरेवर हात ठेवून उभीच होती. "आलास का? दर बारीला मलाच बोलायचास, 'मावशी, तुम्हाला बटण दाबता येत नाय!' आता दाब तू!"

"आधी माझा तुकडा आणा," इसाकभाई ओरडले.

"आणते की! घाबरते काय तुझ्या बापाला?"

तुकडा तिनं देव्हाऱ्यात ठेवला होता. दसऱ्याला सेटची पूजा करायची, तेव्हा त्याचीही करायची. हळदीकुंकवानं माखलेला तुकडा तिनं आणून आपटला. इसाकभाईंनी आपल्या कडीतला अर्धा त्याला लावला. तोच पीळ, तीच दाट जाळी. मग शिडी लावून ते खांबावर चढले आणि अँटेनाखालची केबल चाचपली. बोटाला ती भलतीच मऊ लागली. वरून काळी टेप गुंडाळून तिला जाडी आणली होती. टेप फाडली, टोक सोललं. आत एकच तार, वर पन्नी. खिशातलं लोहचुंबक लावताच तार चिकटली. ॲल्युमिनियमच्या पन्नीला सोल्डरचा डाग धरत नाही, म्हणून ती जोडात नुसती कोंबलेली. पावसाचं पाणी शिरून आत सगळं हिरवं पडलं होतं.

"टीव्हीची केबल!" ते खांबावरूनच गरजले. "बघा! मी नाही! इसाकनं नाही केलं हे!"

ओट्यावर कुबडी घेऊन बसलेला सहादू मान वर करून बघत होता.

इसाकभाईंनी उरलेली टेप ओढली आणि त्यांचा हात थांबला. वेटोळी उलटी फिरत होती. असं उलटं गुंडाळणारा त्यांना एकच माणूस माहीत होता. डावखुरा. लहानपणी त्याच डाव्या हातावर त्यांनी फूटपट्टीनं मारलं होतं, आणि दुकानात अजूनही त्यावरून चारचौघांत त्याला बोलत होते.

ते खाली उतरले. "मावशी, अरसलान आला होता?"

"पावसाच्या आधी, सेट बघायला. वानरांनी केबल तोडली व्हती. जाडी केबल त्यानं आणली नव्हती. म्हणला, हीच लावतो, मागून बदलतो." गोजराबाईचा पारा आता तिच्या स्वतःवरच चढला होता. "हात जोडले त्यानं. म्हणला, दुकानातून जाडी काढायची तर ती न घेताच आलो हे अब्बांना सांगावं लागंल, अब्बा जीव घेतील. मला मेलीला वाटलं, वायर ती वायर! गप बसले. अन् ह्याचा पाय गेला रे!"

इसाकभाईंनी नवी केबल ओढली. सोलली, सोल्डर केली, जोड रबरी टेपनं बंद केला. हात सवयीनं चालत होते. गोजराबाई खोलीच्या दारात उभी, सहादू ओट्यावर. मग त्यांनी माइक उचलून बटण दाबलं.

"अरसलान."

एवढंच. बटण तसंच दाबलेलं. रस्ताभर तोंडात घोळलेल्या शिव्या सगळ्या आठवत होत्या, कुणाला द्यायच्या तेही आता ठाऊक होतं. खाली पोरगा ऐकत बसला असेल, हेही ठाऊक होतं. अंगठा दाबून दाबून पांढरा पडला. नजर सहादूच्या दुमडलेल्या पायजम्यावर गेली आणि तिथून हलेना.

गोजराबाई जवळ आली. सेट बसवला त्या दिवशी त्यांनीच तिच्यावर खेकसून शिकवलेलं तिनं हळू आवाजात त्यांना सांगितलं, "बटण सोड, इसाक. सोडल्याबिगर पोराचं ऐकू यायचं नाय."