वज्रीमावशीची मांडी

धुलाईघरात कोरडा पाय कुणाचाच नसे. फरशीवर साबणाचं पाणी कायम, चपला घातल्या की घसरायला होई, म्हणून सगळ्या बायका अनवाणी. संध्याकाळपर्यंत कपड्यांबरोबर पायही पिळून निघत.

वज्रीमावशीची हयात तिथंच गेली. नाव पडलं ते तिच्या पाय घासायच्या वज्रीमुळे. दुपारी डबे उरकले की ती भिंतीला टेकून बसे आणि एकेकीचा पाय मांडीवर घेऊन कुरूप घासून देई. घरी ज्यांना कुणी पाणी विचारत नव्हतं, त्या बायका तेवढा वेळ डोळे मिटून पडत.

"मावशे, हळू गं. पाय आहे, पातेलं नाही."

"पातेलं परवडलं. कुरकुरत तरी नाही."

तिच्या स्वतःच्या टाचेतही एक कुरूप ठाण मांडून होतं. घासलं की जाई, पुन्हा डोकं वर काढी. तिनं त्याच्याशी भांडण कधीच सोडलं होतं.

मग घरी नात लंगडू लागली. मावशीनं सवयीनं वज्री लावली, तर पोर किंचाळली. सून पोरीला कडेवर घेऊन दवाखान्याकडे निघाली. मावशी पाय ओढत मागोमाग गेली.

डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या तळव्यावरची गाठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली. पोर कळवळली.

"कुरूप वरून दाबलं की दुखतं, हे चिमटलं की जास्त दुखतंय. आत काळे ठिपके दिसतात? ही चामखीळ आहे. चालून चालून आत दबलेली. विषाणूनं होते. ओल्या फरशीवरून लागते, एकमेकांच्या वज्रीनंही लागते. घरात आणखी कुणाला आहे?"

मावशीनं टाच पुढे केली आणि पोरीला वज्री लावल्याचंही सांगितलं.

"आजी, तुम्ही आणखी कुणाचे पाय घासता?"

"अख्ख्या धुलाईघराचे," सून म्हणाली.

बाईंनी औषध लिहून दिलं. रोज पाय कोमट पाण्यात भिजवायचा, मऊ झालेली कातडी हलक्या हातानं काढायची, औषध फक्त चामखिळीवर लावायचं. ब्लेड लावायचं नाही. घासणी ज्याची त्याची. ओल्यात न घसरणारी रबरी चप्पल हवीच. महिने लागतील, कंटाळून सोडू नका; नाहीच गेली तर गोठवून काढू.

दुसऱ्या दिवशी डबे उरकले. वज्री हरवली म्हणावं, असं मावशीच्या मनात सकाळपासून घोळत होतं. तेवढ्यात तिची जुनी मैत्रीण इस्त्रीवाली आली आणि तिनं पाय मांडीवर टाकला. मावशीनं टाचेची गाठ बाजूंनी चिमटली.

"आई गं!"

"हे कुरूप नाही बाई. चामखीळ दिसते. माझ्या पायातली, बहुतेक वज्रीनं तुला दिली. आणखीही कुणाकुणाला दिली असेल." मग बाईंनी सांगितलेलं सगळं तिनं जसंच्या तसं सांगितलं.

पलीकडच्या दोघींनी आपापले तळवे उलटून पाहिले. एकजण डबा उचलून तरातरा निघून गेली. मावशीला वाटलं, गेली आपली मांडी. आता उरलं नुसतं पिळणं.

इस्त्रीवालीनं पाय काढला नाही.

"एवढी वर्षं रगडलास, तेव्हा बरं वाटलंच की," ती डोळे मिटून म्हणाली. "वज्री नको तर नको. तो टॉवेल गुंडाळ आणि नुसता दाब. उभी राहून राहून जीव गेलाय गं."

मावशीनं कोरडा टॉवेल ओढला.