ऑर्लिनचा कॉफी-संप

निवृत्त नवरा घरात बसला की काय करतो, ते आमच्या लंडबी गावातल्या कुठल्याही बाईला विचारा. फ्रिज उघडतो, आत वाकून बघतो, बंद करतो, आणि मग विचारतो, "हे लोणी कधीचं गं?" ऑर्लिन मोएन यातला पट्टीचा. म्हणून सकाळी साडेनऊ झाले की त्याची बायको आर्डिस त्याचा कोट त्याच्या अंगावर टाकायची आणि म्हणायची, "जा बाबा, बेव्हच्या कॅफेत जा. काय बोलायचंय ते लोण्याबद्दल तिथं जाऊन बोल."

ऑर्लिन जायचा. वर्षानुवर्षं जात होता. शाळेची बस चालवायचा तेव्हासुद्धा सकाळी पोरं शाळेत उतरवली की, आणि दुपारी घरी पोचवली की, बस सरळ बेव्हच्या कॅफेसमोर. मिनेसोटातल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतही त्याची फेरी कधी चुकली नाही, हे कबूल करायला हवं. पोरं त्याला टरकून असायची. बसमध्ये कुणी च्युइंगगम चघळताना दिसला की हा गाडी बाजूला घ्यायचा आणि गम बाहेर येईपर्यंत हलायचा नाही. आणि चिकट म्हणजे किती चिकट! चर्चच्या तळघरात जेवण असलं की हॅमचे दोन जाड काप कागदी रुमालात गुंडाळून खिशात घालायचा, आणि वर तोंड करून पाद्रीबाईंनाच सांगायचा, "यंदा हॅम जरा खारट झालंय हं."

बेव्हच्या कॅफेत खिडकीजवळ एक मोठं गोल टेबल आहे. तिथं रोज सहा म्हातारे. मध्ये चामड्याचा पेला आणि पाच फासे. प्रत्येकानं पेला खुळखुळवून फासे टाकायचे, आणि ज्याचे सगळ्यात कमी पडतील त्यानं सगळ्या टेबलाच्या कॉफीचे पैसे द्यायचे. एकदा पैसे दिले की कॉफी हवी तेवढी. कप तळाला गेला रे गेला की बेव्ह किटली घेऊन हजर. हरणाऱ्याची मात्र दिवसभर सुटका नाही. पोस्टात, पेट्रोल पंपावर, जाईल तिथं लोक विचारणार, "काय, आज कॉफी तुझ्यावर बसली म्हणे?" ऑर्लिनची खुर्ची भिंतीला पाठ असलेली. तिथून दार दिसायचं, खिडकी दिसायची, अख्खा मेन स्ट्रीट दिसायचा. कोण कुणाकडे चाललंय ते शेरीफच्या आधी ऑर्लिनला कळायचं. दुसरीकडे कुठंही तो बसचा म्हातारा ड्रायव्हर होता. त्या खुर्चीत बसला की गावचा कारभारी होता.

मग महागाई आली. पहिली धाड पडली ती शुक्रवारवर.

शुक्रवारी संध्याकाळी ऑर्लिन आणि आर्डिस तळ्याकाठच्या सपर क्लब नावाच्या हॉटेलात तळलेला मासा खायला जायचे. आर्डिस त्या दिवशी लिपस्टिक लावायची, एरवी फक्त लग्नाला आणि मयताला. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना वाढलेली बाई ती. आठवड्यातून एकदा कुणीतरी आपल्याला वाढतंय, याचंच तिला कौतुक. माशाची थाळी वाढत वाढत चोवीस डॉलरवर गेली, तेव्हा ऑर्लिननं मेनूकार्ड मिटलं आणि जाहीर केलं, "मासा घरीपण तळता येतो." येतो की! तळायचा कुणी, एवढाच प्रश्न होता, आणि तो ऑर्लिनला पडला नाही.

त्यानंतर बेव्हकडचा ॲपल पाय बंद झाला. मग कॅरमेल रोल, तो साखरेच्या पाकातला गोड पाव. म्हणजे अगदी बंद नाही, ऑर्लिन आणि लायल एक रोल दोघांत घ्यायला लागले, आणि मधला मऊ भाग कुणाचा यावरून रोज शब्दाला शब्द. लायल गावातला निवृत्त न्हावी. माणूस तसा शांत, पण रोलच्या मधल्या भागासाठी तो कुणाचाही गळा धरील. कॉफीला मात्र कुणी हात लावला नव्हता. आणि एका सोमवारी बेव्हनं फळ्यावरचा आकडा पुसला आणि नवा लिहिला. दोन डॉलर पंच्याहत्तर.

"बेव्ह, हे काय आहे?" ऑर्लिननं विचारलं.

"कॉफी आहे, ऑर्लिन. तुला काय वाटलं, दूध?"

"गेल्या वर्षी पावणेदोन होती!"

"गेल्या वर्षी तुझ्या डोक्यावर केस होते. सगळंच बदलतं बाबा. मला बियाच महाग पडतात, मी काय करू? मागच्या अंगणात कॉफी लावू, बर्फात?"

टेबल हसलं. ऑर्लिनला मिरच्या झोंबल्या. तो उभा राहिला आणि पोरांना बसमध्ये दटावायचा त्या आवाजात त्यानं भाषण ठोकलं. सहा कपांचे साडेसोळा डॉलर! ही लूट आहे! आपण इथं येणं थांबवलं की आठवड्यात बेव्ह आकडा खाली आणते की नाही बघा! बियाणंवाल्या ब्रेंटच्या दुकानात कॉफी फुकट असते, उद्यापासून सगळ्यांनी तिथं यायचं. आमच्याकडची माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. नाही म्हणायचं असलं की "बघू या" म्हणतात. पाचही जण "बघू या" म्हणाले, आणि ऑर्लिनला वाटलं, संप झाला.

"खुशाल जा," बेव्ह म्हणाली. "जाताना दार नीट ओढून घ्या, थंडी आत येते."

पहिल्या दिवशी ब्रेंटकडे सहाही जण हजर. ब्रेंट तरुण पोरगा, वागायला गोड. "या या, बसा, आपलंच दुकान आहे," म्हणाला. बसायला मक्याच्या बियाण्याच्या पिशव्या. कॉफी पहाटे केव्हातरी केलेली, तिला डांबराचा वास. लायलनं घोट घेतला आणि कप हळूच पिशवीमागे ठेवला. फासे कुणीतरी आणले होते. टाकले. शेतकरी व्हर्जिलचे सगळ्यात कमी पडले. मग पुढे काय? पैसे कुणाला द्यायचे? व्हर्जिल म्हणाला, "मी हरलो." "बरं," बाकीचे म्हणाले. झालं. तेवढंच. चिडवायला काही नाही, आरडाओरडा नाही. सगळे गप्प बसून खतांच्या किमतीची पाटी वाचत राहिले. तेवढ्यात ब्रेंटनं येऊन ऑर्लिनला सोयाबीनचं नवीन वाण समजावून सांगायला घेतलं. ऑर्लिनकडे जमीन म्हणून होती ती घरामागची टोमॅटोची पट्टी.

आठवडाभरात व्हर्जिलचा गुडघा दुखायला लागला. मग लायलला डॉक्टरनं कॉफी बंद केली. तिसऱ्याला मुलीकडे जायचं होतं, चौथ्याचं धुराडं तुंबलं, पाचव्यानं तर काही कारणसुद्धा सांगितलं नाही. बियाण्याच्या पिशवीवर ऑर्लिन एकटा उरला. तरी तो रोज जात राहिला, कारण न जावं तर आर्डिसला काय सांगणार? रोज घरी आला की ऐटीत सांगायचा, "आजही वाचले पैसे!"

"वा," आर्डिस म्हणायची. "सगळे आले होते?"

"सगळे."

"व्हर्जिलपण?"

"व्हर्जिलपण. काय हसवलं आज त्यानं!"

"असं का," म्हणून आर्डिस बटाटे सोलायला लागायची. तिच्या तोंडावरची रेषा हलायची नाही. ऑर्लिनला वाटायचं, चला, पचलं.

खरं सांगायचं तर त्याला करमत नव्हतं. पैशांचं काही नव्हतं. साडेसोळा डॉलर काही त्याला रोज द्यावे लागत नव्हते, आणि दिले असते तरी तो काही रस्त्यावर आला नसता. त्याला त्याची खुर्ची हवी होती. परत जावं तर ज्या बेव्हपुढे भाषण ठोकलं तिच्यापुढे मान खाली घालायची. न जावं तर उरलेलं आयुष्य ब्रेंटचं सोयाबीन ऐकायचं. रात्री कूस बदलता बदलता तो मनात वाक्यं जुळवायचा. "इथून चाललो होतो, म्हटलं डोकावावं." छे, सगळं गाव ओळखतं, कोण कुठून कुठं चाललंय ते.

आणि मग एका सकाळी तो रिकामे डबे टाकायला कॅफेच्या मागच्या गल्लीत गेला. तिथं व्हर्जिलची पिकअप उभी. तिच्या नाकातून नारिंगी वायर निघून बेव्हच्या स्वयंपाकघरात गेलेली, इंजिन गोठू नये म्हणून. तिच्या शेजारी लायलची गाडी. पलीकडे आणखी तीन. पुढे मेन स्ट्रीटवर लावल्या तर ऑर्लिन बघेल, म्हणून सगळ्यांनी मागे आणून लावलेल्या, शाळेला दांडी मारलेल्या पोरांसारख्या. आणि बेव्ह त्यांना वर वीजही फुकट देत होती!

ऑर्लिनचं डोकं फिरलं. लाज, शरम, मनात जुळवलेली वाक्यं, सगळं तिथंच डब्यांबरोबर पडलं. वळसा घालून तो पुढच्या दारानं आत शिरला. दारावरची घंटी वाजली आणि टेबलावरच्या सगळ्या माना वळल्या.

पाच म्हातारे. आणि भिंतीला पाठ असलेल्या खुर्चीत आर्डिस. ओठांना लिपस्टिक, हातात फाशांचा पेला.

"दार लाव, ऑर्लिन," बेव्ह म्हणाली.

त्यानं दार लावलं. "व्हर्जिल, तुझा गुडघा?"

"आज जरा बरा आहे," व्हर्जिल कपात बघत म्हणाला.

"आणि लायल, तुझा डॉक्टर?"

"बदलला मी."

मग ऑर्लिन बायकोकडे वळला. "तू इथं काय करतेस?"

"कॉफी पितेय. तू?"

"कधीपासून?"

"तू ब्रेंटकडे जायला लागलास त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. हे पाच उरले होते, त्यांना सहावा हवा होता. बेव्हनं फोन केला."

"आणि पैसे?"

"तूच तर वाचवतोयस ना! रोज येऊन सांगतोस. म्हटलं, एवढे वाचवतोय बिचारा, कुणीतरी खर्च करायला नको?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकला काढला. ऑर्लिनचे कान लाल झाले. तोंडून जे निघालं ते निघायला नको होतं. "ती माझी खुर्ची आहे," तो म्हणाला.

आर्डिसनं पेला टेबलावर ठेवला. "माझी पण होती एक," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "तळ्याकाठी, दर शुक्रवारी. ती काढून घेताना तू मला विचारलंस का रे? मासा घरी तळता येतो म्हणालास. कॉफी नव्हती का घरी करता येत? किटली काय मी पुरून ठेवली होती?"

व्हर्जिलनं टोपी काढली आणि परत घातली. ऑर्लिन काउंटरकडे गेला आणि उंच स्टुलावर बसला, टेबलाकडे पाठ करून. बेव्हनं न विचारता कप समोर ठेवला, भरला, आणि एकही टोमणा मारला नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. कॉफी गरम होती, चांगली होती, आणि तो कप नुसता फिरवत बसला.

मागे टेबल हळूहळू पुन्हा बोलायला लागलं. "हां, मग पुढे काय झालं?" लायलनं विचारलं. "हेडमास्तरचा केसांचा टोप पडला?"

"पडला तो सरळ कुस्करलेल्या बटाट्यांच्या पातेल्यात!" आर्डिसचा आवाज. "हेडमास्तर चव बघायला वाकला होता ना, मोठा शहाणा. मी डावानं वर काढला. आधी मला वाटलं उंदीर. मग बघते तर याचं टक्कल चमकतंय. नळाखाली धुतला, भट्टीच्या दांडीवर वाळत घातला. आणि साहेब माझ्या कोठीच्या खोलीत, डोक्यावर चाळणी घेऊन बसलेले. पोरांची जेवणं उरकेपर्यंत."

"आणि बटाटे?" व्हर्जिलनं हसत हसत धापा टाकत विचारलं.

"वाढले! तुझ्या पोरांनी दुसऱ्यांदा मागून घेतले. आणि बसवाल्यांनी तर पातेलं पुसून खाल्लं, त्यांना फुकट असायचं."

अख्खं टेबल हसत सुटलं. कुणीतरी मांडी बडवत होतं, लायलच्या डोळ्यांतून पाणी, बेव्ह किटली धरून भिंतीला टेकलेली. ऑर्लिनच्याही पोटातून हसू उसळून आलं, त्याला आवरेना. त्याच शाळेची बस त्यानं चालवली होती, त्या हेडमास्तरला रोज नमस्कार केला होता, ते बटाटे खाल्ले होते, आणि ही गोष्ट त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. ही बाई इतकी हसवते? घरात तर कधी... त्यानं स्टूल वळवलं.

"आर्डिस," तो डोळे पुसत म्हणाला, "हे मला कधी नाही सांगितलंस ते?"

ती त्याच्याकडे बघून हसली. हसण्यात राग नव्हता.

"त्याच दिवशी सांगायला घेतलं होतं रे," ती म्हणाली. "तू म्हणालास, नंतर सांग, मला कॉफीला उशीर होतोय."