शिळं भांडण

मुलुंडच्या मासळीबाजारात मी जिच्याकडून बोंबील घेते, तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिच्या शेजारच्या ओट्यावर तिची जाऊ बसायची. सकाळी दोघी गिऱ्हाइकावरून एकमेकींचा उद्धार करायच्या. दुपारी एकीचा बर्फ संपला की दुसरी न बोलता आपल्यातला तिच्या टोपलीत ओतायची. तीच त्यांची माफी.

मग टीव्हीवरच्या एका दुपारच्या कार्यक्रमाने दोघींना बोलावलं. म्हणे, घरगुती भांडणं मिटवतो! दोघी नव्या साड्या नेसून गेल्या आणि बाजारात भांडतात तशाच भांडल्या. जावेला मूल नाही, तेही ही बोलून गेली. बाजारात ते कितीदा बोलून झालं होतं, आणि जावेने दरवेळी सव्वाशेर उत्तर दिलं होतं. त्या लोकांनी जावेचं उत्तर कापलं आणि हिचं तेवढं वाक्य, रडकं संगीत लावून, आठवडाभर दाखवलं.

जाऊ आता नाहूरच्या बाजारात बसते. ही अजून दोघींपुरता बर्फ आणते.

परवा एका गिऱ्हाइकाने मोबाइल तिच्यासमोर धरला. “मावशी, ते टीव्हीवरचं बोला ना एकदा!”

ती मान खाली घालून बोंबील कापत राहिली. तो गेल्यावर मला म्हणाली, “बाय, आमचं भांडण संध्याकाळी ओटा धुतला की वाहून जायचं. यांनी ते बर्फात घालून ठेवलंय. आता ते मरेपर्यंत ताजंच राहणार.”