पॉलिसीत नसलेलं नाव

आकाश जात विचारत नाही. वैमानिकाचं लायसन्स मिळाल्यावर पाचोडला, आमच्या गावी, माझा सत्कार झाला. तेव्हा प्रमुख पाहुण्यांनी हे वाक्य माइकवर दोनदा म्हटलं. खरंच आहे. आकाश काहीच विचारत नाही. विचारतो तो विमानाचा मालक.

"झाडू कुठंय?" त्यानं मला विचारलं.

चिकलठाण्याचं विमानतळ. भाड्यानं विमान देणाऱ्या कंपनीचं हँगर. नोकरीचा पहिला दिवस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. मालकाला सगळे भाऊसाहेब म्हणत. विमान बाहेर काढताना ते पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवत. ट्रॅक्टरनं विमान ओढलं की लिंबू चिरडायचं. तो चोथा लगेच उचलावा लागे, इंजिनात जायला नको म्हणून.

"साहेब, मी पायलट आहे."

"व्हय ना, ठाऊक आहे. पण तू विम्यात बसत नाहीस. पाचशे तास उडवलेले लागतात, तुझे दोनशे. विमा कंपनीच नाय म्हणते, त्याला मी काय करू? तोवर खालचं बघ. आणि तुमच्या लोकांना झाडूचं काय नवं?"

मेकॅनिक हसले. मीही हसले. नोकरी नवी होती.

मी झाडू घेतला.

विमान उडवल्याशिवाय तास वाढत नाहीत आणि तास नसले तर कुणी उडवू देत नाही. ही अट मला क्रूर वाटली, पण खोटी वाटली नाही. छापील नियमावर माझा विश्वास होता. आमच्या घराला वर काढलं ते छापील अक्षरांनीच. आणि भाऊसाहेबांचा विश्वास? विमानाचा विमा काढलेला, भरवसा लिंबावर. विम्याची आठवण त्यांना फक्त माझ्याकडं बघून यायची.

दोन वर्षं मी जमिनीवर काढली. पाहुण्यांच्या बॅगा उचलल्या. त्यांना अजिंठ्याची लेणी दाखवायला फर्दापूरपर्यंत गाडीतून सोबत गेले. चहा दिला. युनिफॉर्म मात्र रोज घालायचा, असा भाऊसाहेबांचा आग्रह. पाहुण्यांवर छाप पडते म्हणे.

अण्णा, माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. शहरातल्या पुंडलिकनगरच्या घरी मी परतले की दारातच विचारायचे, "आज वर का खाली, बाई?"

"खालीच, अण्णा."

"असू दे. उद्या."

मग मालकाचा भाचा आला. परदेशात शिकलेला. तास माझ्याएवढेच. आठवडाभरात तो सहवैमानिकाच्या सीटवर होता. मी विचारलं तर भाऊसाहेब म्हणाले, "त्याची गोष्ट येगळी." मी कामाला लागले. वाटलं, परदेशातले तास बहुतेक वजनाला जास्त भरत असतील.

आमच्या गच्चीवरून ते विमान दिसायचं. अण्णांना वाटायचं, सांगत नसेल पोरगी, पण असेल आत. ते हात करायचे. आत भाचा असायचा. मी एकदा त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यानंतर त्यांनी गच्चीवर जाणं सोडलं. वर का खाली, हेही विचारणं सोडलं. नुसतं म्हणायचे, "आलीस?"

पॉलिसीच्या नूतनीकरणासाठी विमा दलाल आले, तो चौदा एप्रिलचा आठवडा होता. शहरभर निळे झेंडे. मी त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्यांनी माझ्या खांद्याकडं पाहिलं.

"ताई, तुम्ही पायलट ना? मग चाय तुम्ही कशाला आणली?"

"माझे तास कमी आहेत. तुमची कंपनी नाही म्हणते."

"आम्ही?" ते गोंधळले. "कमी तासवाल्यांचं होतं की. मालकानं नाव पाठवायचं. आम्ही शर्ती घालतो. थोडं जास्तीचं ट्रेनिंग, शेजारी अनुभवी कॅप्टन. त्यांच्या भाच्याचं असंच केलं."

"आणि माझं?"

"तुमचं नाव तर कधी आलंच नाही."

ते अगदी सहज बोलले. चांगला माणूस होता. मी कप उचलून मोरीत नेला आणि नळ सोडून उभी राहिले, बराच वेळ. दोन वर्षं मला कुणी नाकारलंच नव्हतं. नाकारायला आधी नाव सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मुंबईचे मोठे पाहुणे येणार होते, सोबत पेपरवाले. भाऊसाहेबांनी हाक मारली. "चल, डाव्या सीटवर बस. कॅप्टनची जागा आहे ती. जयंतीचा फोटो. मराठवाड्याची लेक आकाशात! इंजिन चालू करायच्या आधी उतर म्हंजे झालं."

"नाही बसणार."

"का गं?"

"विम्यात बसत नाही मी."

कुणी हसलं नाही. भाऊसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "लई शिकलीस." मी खांद्यावरच्या पट्ट्या काढून खिशात ठेवल्या. त्या माझ्या होत्या. झाडू तिथंच राहिला.

अण्णांना सगळं सांगितलं. ते उठले, पाणी प्यायले, परत बसले.

आता कुठंही अर्ज केला की पहिला प्रश्न मी विचारते: माझं नाव विमा कंपनीला पाठवणार का? नकार यायचा तर तिकडून येऊ दे, माझ्या नावानिशी. बरेच जण तिथंच फोन ठेवतात. ठेवू देत. मी विचारणं सोडणार नाही. नवं लायसन्स घेऊन ज्या पोरी सल्ला मागायला येतात, त्यांनाही मी आधी हाच प्रश्न पाठ करायला लावते. कुणी नुसतं तोंडी सांगितलेल्या विम्याच्या अटीवर आता मी जमिनीवर थांबणार नाही.

तो फोटो मात्र झालाच. पेपरात छापूनही आला. डाव्या सीटवर टोपी घातलेली हसरी मुलगी, खाली माझं नाव. मुलगी आमच्या रिसेप्शनवरची होती. विमानात बसायची तिची ती पहिलीच वेळ.