वाणात वाटलेला पेपर

गेल्या दिवाळीआधी अमरावतीहून मी आठवडाभर नातीकडे अकोल्याला, जठारपेठेत राहायला गेले होते. नात तिथल्या डॉक्टरीच्या कॉलेजात शिकवते. सकाळी चहाआधीच ती मोबाईलमध्ये काहीतरी बघायची आणि तोंड पाडायची. मला वाटलं, कोणी पोरगा असेल. मी खूशसुद्धा झाले. निघाला पेपर.

"छापून येऊन दोन वर्षं झाली आजी, पण एक सायटेशन नाई!"

दुसऱ्या संशोधकाने आपल्या लेखात तुमच्या लेखाचा हवाला दिला की ते सायटेशन. जितके हवाले, तितकं तुमचं वजन. तिचा पेपर कापूस वेचणाऱ्या बायांच्या बोटांवर होता. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं चिरतात, चिघळतात, त्यावर. पुढचं काम येत्या वेचणीत करायचं ठरलं होतं. पण विभागातले सर म्हणाले होते, "ते बोटांचं सोड आता. आमच्या मधुमेहाच्या मोठ्या पेपरात ये. हवाले धो धो येतील, बढतीला बरं." एका हंगामात दोन्ही जमणार नव्हतं आणि त्याच संध्याकाळपर्यंत सरांना कळवायचं होतं.

"हो म्हणून टाकते," नात म्हणाली. "मले वाचते कोण?"

"तुले शून्य घरबसल्या तरी दिसते. मले ते पाहाले नागपूरले जा लागे."

तिशीतली मी म्हणजे एक नमुनाच होते. मीही अमरावतीला याच धंद्यात. फवारणीच्या विषबाधेवर माझा पहिला पेपर छापून आला आणि त्याच्या सुट्या प्रतींचा गठ्ठा घरी आला. एवढ्या प्रती द्यायच्या कोणाला? तेवढ्यात संक्रांत आली. बाकीच्या बाया हळदीकुंकवाला वाट्या, फण्या, साबणदाण्या लुटत होत्या. मी प्रत्येकीच्या हातात तिळगुळासोबत पेपर ठेवला. इंग्रजी. आलेखासकट.

"हे कायचं वाण वं डॉक्टरीनबाई?" शेजारणीने विचारलं.

"माझं संशोधन आहे," मी मान ताठ करून म्हटलं.

"बरं. फळीवर अंथराले होईन."

सासूबाई आतून ओरडल्या, "पुढच्या सालले एक्स-रे वाटजो!"

एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली? कोणी कोणाचा हवाला दिला, त्याच्या सूचींचे जाडजूड खंड नागपूरच्या लायब्ररीत असत. त्यात एकदा माझ्या पेपराचा हवाला सापडला. येताना पेढे घेतले, सगळ्या विभागात वाटले. घरी नवऱ्याने मी टिपून आणलेला कागद पाहिला आणि विचारलं, "हा हवाला देनारी कोन हाय?"

मीच होते. माझ्याच दुसऱ्या लेखात मीच माझं कौतुक करून ठेवलं होतं.

नातीला चहाचा ठसका लागला. डोळे पुसत तिने विचारलं, "मंग कोणीच नाई वाचला तो?"

"वाचला नाई, पण एकीनं विचारलं. वाण घेऊन गेली, दुसऱ्या दिवशी परत आली. तिचं सात एकराचं वावर होतं. म्हणे, यात काय लिवलं ते सांग मले. मी तासभर भाषण दिलं. तिनं सगळं आयकून घेतलं अन् म्हणे, हे तर फवारनाऱ्याचं झालं. त्याचे कपडे धुनारीचं काय?"

मी तेव्हा तिच्यावर चिडलेच होते. एवढा विद्वान पेपर, आणि हिला कपड्यांची पडली! पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. पुढे कपडे धुणाऱ्या बायांच्या हातांवर, डोळ्यांवर मी काम केलं. लोक हवाला देतात तो त्या पेपराचा. पहिल्याचं नाव आता मलाही धड आठवत नाही.

"तुले विचारलं का कोणी काई?" मी म्हटलं.

नातीने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "एका बाईले मी बोटाले पट्टी बांधाले सांगितलं होतं. ती म्हणे, मॅडम, पट्टीले कापूस चिकटते, हात चालत नाई. दुसरं काई सांगा न. मी काईच नाई सांगितलं. माझ्या कामात ते बसतच नव्हतं."

"मंग बसव."

दुपारभर तिने घरातल्या चिंध्या, जुने हातमोजे कापून बोटांवर घालायच्या टोप्या केल्या. वाळकी बोंडं मागवली आणि मला वेचायला बसवलं. पहिली टोपी बोंडातच राहिली. दुसरीत बोट वाकेना. तिसरीत कापूस बरा निघाला. तिचा चेहरा असा काही उजळला, की पोरगा असता तरी इतका उजळला नसता.

संध्याकाळी तिने सरांना फोन लावला. "सर, मधुमेहात मी नाही. मी वेचणीवर चालले."

सरांचा आवाज मला ऐकू आला. "बढती लांबेल, कळतं ना?"

"हो सर."

मग सर म्हणाले, "सकाळी तिकडे बस नसते. कॉलेजची गाडी मागून घे. आणि टोप्या सगळ्यांना एकदम देऊ नको. अर्ध्या बायांना आधी, अर्ध्यांना नंतर. नाहीतर फरक कशाने पडला ते सांगता येणार नाही."

तिने फोन ठेवला आणि शिलाई मशीनवरची चादर ओढली. "आजी, बस इथं. अंगठ्याची टोपी जरा ढिली शिव."