आमच्या घरात ‘ठीक होईल’ म्हणायला बंदी होती

माझ्या बायकोच्या मामांइतका चिडका माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि वाईट म्हणजे त्यांचा राग दर वेळी रास्त असतो. उगाच चिडणाऱ्याला टाळता तरी येतं. मामाजींना टाळलं तर आपणच खजील होतो. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, मामीजी गेल्यापासून पांढरकवड्याला एकटेच राहतात. लग्नाच्या पत्रिकेला ते दाद देत नाहीत, पण नात्यात कुणाचं दुखणं हाताबाहेर गेल्याचं कानावर आलं की दोन पायजमे, टॉवेल आणि एक रबरी चादर पिशवीत कोंबून मिळेल त्या गाडीने निघतात. न बोलावता येतात आणि पाणी प्यायच्या आत भांडायला लागतात.

मागच्या हिवाळ्यात ते आमच्या मारेगावच्या घरी आले. बाबांच्या पोटात कॅन्सर होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी “आता घरी न्या, सेवा करा” एवढंच सांगितलं होतं. म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाबांना आम्ही अल्सर सांगून ठेवला होता. आई दिवसरात्र उशाशी. पुण्याचा दादा रोज फोनवरून “नागपूरला हलवा” म्हणून आम्हाला हलवत होता. मामाजींनी आधी बाबांना पाहिलं, मग भिंतीला टेकून डुलणाऱ्या आईला पाहिलं आणि मला म्हणाले, “जावई, तुम्ही पेशंट एक समजून राह्यले. मले तर दोन दिसून राह्यले.” कितीही रागावले तरी ते मला अहोजाहोच करतात. बोलणी खाताना हा जावयाचा मान फार बोचतो.

पहिला दणका भेटायला येणाऱ्यांना बसला. गिळता न येणाऱ्या माणसासाठी लोक सफरचंदं का आणतात, हा मामाजींचा जुना संताप. माझा एक चुलतभाऊ किलोभर घेऊन आला आणि बाबांचा हात थोपटत म्हणाला, “काका, काळजी नका करू, सगळं ठीक होईल.”

“कसं ठीक होईल?” मामाजींनी विचारलं. “सांगा, मीबी ऐकतो.”

चुलतभाऊ सफरचंदांकडे पाहू लागला. मामाजींनी त्याला बाबांजवळच्या स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की, तासभर इथून हलायचं नाही, तेवढ्यात आमची ताई, म्हणजे माझी आई, झोपेल. त्याने तो तास घड्याळाकडे पाहत काढला. पण चार दिवसांनी तो आपणहून आला आणि बाबांची दाढी करून गेला. आत्याला चादरी धुवायला लावलं, तेव्हा ती दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी साबण घेऊन आली. झोपायला तयार नव्हती ती आईच. “मी झोपले तर लोक काय म्हणतील, भाऊ?” मामाजी म्हणाले, “लोकाइले मी पाहून घेतो.” आणि तिच्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. माझ्या बायकोलाही त्यांनी आत जाऊ दिलं नाही.

मग त्यांनी वहीचं पान फाडून त्यावर प्रश्न लिहिले आणि मला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर इंग्रजीतच बोलले आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवायला हात पुढे केला. मी सवयीने उठलो. मामाजी बसून राहिले.

“साहेब, हे मले माह्या भाषेत सांगा,” ते म्हणाले. “आमच्या इवायापाशी, म्हंजे याहिच्या बाबापाशी, दिवस किती? दुखलं तर काय द्याचं? जेवण नाही गेलं तर बळजबरी कराची का नाही? आन् जास्त झालं तर फोन कोणाले कराचा?”

डॉक्टरांनी हात मागे घेतला. माणूस वाईट नव्हता. असं समोर बसून कुणी विचारलंच नसावं. ते सावकाश मराठीत बोलू लागले. महिने नाहीत, काही आठवडे आहेत. दुखणं सोसत बसायचं कारण नाही, त्यावर औषध आहे. खायला जबरदस्ती नको, ओठ मात्र ओले ठेवा. नर्सबाईंचा फोन नंबर त्यांनी स्वतः लिहून दिला. मी एम.ए. झालेला माणूस. तीन खेपा त्याच खुर्चीत बसून आलो होतो आणि यातला एकही प्रश्न मला तोंडाबाहेर काढता आला नव्हता.

परतताना एसटीत मामाजींनी विचारलं, “आता इवायाले कोण सांगते?” मी म्हणालो, बाबा खचतील. ते एवढे भडकले की पुढच्या सीटवरचा माणूस वळून पाहू लागला. “त्याहिले ऐकाचं आहे का नाही, हे तुम्ही त्याहिले विचारलं काय? सारं तुम्हीच ठरवून राह्यले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाबांजवळ बसले. आवाज इतका मऊ की मला ओळखू येईना. “इवाई, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकाचं आहे काय तुम्हाले? नसन ऐकाचं तर आपण दुसरं काही बोलू.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “सांगू द्या त्याले,” ते म्हणाले. “दोन महिन्यापासून याहिचं नाटक पाहून राह्यलो मी.”

मी सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, “लय दुखन काय?” आणि मला उत्तर माहीत होतं. औषध आहे, नर्सबाई येतील, मी इथेच आहे. मग त्यांनी दादाला फोन लावायला सांगितला. “नागपूर नाही. तू ये,” म्हणाले. दादा आला, तोही रडायच्या आधी मामाजींची बोलणी खाऊन कामाला लागला. फोन ठेवल्यावर बाबा मला म्हणाले होते, “तुह्या आईले दुपारी झोपू देत जा.” आई-बाबांचं एकमेकांपासून चोरून रडणं त्या दिवसापासून थांबलं, दोघं उघड बोलू लागली, कधी हसूही लागली.

बाबा पुढे सोळा दिवस होते. भर दुपारी गेले, शांतपणे, आईचा हात कपाळावर असताना. मामाजी तेव्हा अंगणात चादर पिळत होते.

तेरवी झाल्यावर आई त्यांना म्हणाली, “भाऊ, तुम्ही होते म्हणून झालं.”

ते अंगणाच्या पायरीवर बसले होते. रबरी चादर घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली. मग म्हणाले, “मलेबी बायकोच्या वेळी असंच सांगतलं होतं, घरी न्या, सेवा करा. मले वाटलं, पोटात अन्न गेलं का उठन. ती तोंड फिरवे आन् मी चमचा कोंबू. रागावलो बी तिच्यावर. काय होऊन राह्यलं ते कोणी एक शब्द सांगतला नाही, ताई.”

“तिले समजलं असन, भाऊ,” आई म्हणाली.

“तसं नका म्हणू. मले माहीत नाही, अन् तुम्हालेबी माहीत नाही.”

आईने मान हलवली आणि त्यांच्या शेजारी बसली. मामीजी कशा होत्या, असं तिने विचारलं. मामाजी संध्याकाळपर्यंत सांगत राहिले, कुणावरही न रागावता. मामीजींना गाडीत खिडकीचीच जागा लागायची, हे त्यांनी दोनदा सांगितलं.